टीनएजर्स आणि बायबल : वाफसा आल्याशिवाय पेरणी नको

ज्यांना आजचा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोललोय तसंच ठेवलंय.

आठवडाभर मी कोड लिहितो आणि रविवारी उपासना झाली की आठवी ते दहावीच्या मुलांचा वर्ग घेतो. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलाची आजी वारली. वर्गात त्याने विचारलं, "दादा, आपण सगळ्यांनी तिच्यासाठी प्रार्थना केली होती ना? मग ती का गेली?"

मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, "देवाची योजना असते रे. विश्वास ठेव."

पुढचे चार रविवार तो आलाच नाही.

ऑफिसात एरर आली तर आपण स्क्रीन बंद करून घरी जात नाही. काहीतरी खरंच बिनसलंय, हे ती एररच सांगते. मी मात्र त्या पोराची स्क्रीनच बंद केली होती.

आपल्याला वाटतं, मुलं बायबल वाचत नाहीत कारण मोबाइल. थोडं खरंही आहे. पण मार्कच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडा. पेरणाऱ्याचा दाखला तुम्ही शंभरदा ऐकला असेल : वाट, खडक, काटे आणि चांगली जमीन. पण दाखला संपल्यावर काय होतं, ते आपण पटकन ओलांडून जातो. बारा शिष्य आणि सोबतचे काही लोक येशूला एकांतात गाठून दाखल्यांबद्दल विचारतात. दाखला सगळ्या गर्दीने ऐकला, पण उलगडा मिळाला तो थांबून विचारणाऱ्यांना!

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना वाफसा माहीत असेल. पावसानंतर जमीन ना चिखल, ना कोरडी, हाताला भुसभुशीत लागते. तेव्हाच पेरतात. माझ्या मते, किशोरवयातला प्रश्न म्हणजे वाफसा. आणि आपण त्याला बंडखोरी समजतो.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेला तर प्रश्नांचं अजिबात वावडं नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, त्याही मराठीत! त्याच्या सुरुवातीलाच एक नवख्रिस्ती माणूस पाद्रीगुरूंना विचारतो की, आमची जुनी पुराणं गेली, मग आता आम्ही वाचायचं काय? गुरू त्याला गप्प करत नाहीत. ते अख्खं पुराण म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

पंडिता रमाबाई तर संस्कृतच्या मोठ्या विदुषी. तरी बायबलचं भाषांतर करताना त्यांनी मुद्दाम साधी मराठी निवडली, सामान्य बायांना समजावं म्हणून. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आयुष्याची शेवटची वर्षं त्या कामात गेली, आणि १९२२ मध्ये त्या वारल्या. ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, यासाठी केवढे कष्ट! आणि आपण मुलांना न कळणारं वचन पाठ करायला लावतो, वर म्हणतो, "यांना आवडच नाही."

मग करायचं काय? माझ्या वर्गात जे चाललं ते सांगतो.

एक, सुटी वचनं देण्याऐवजी अख्खी गोष्ट द्या. मार्क सगळ्यात छोटं शुभवर्तमान, फक्त १६ अध्याय. ऑडिओवर ऐकलं तर साधारण दीड तास. एका सिनेमापेक्षा कमी.

दोन, मुलं ज्या भाषेत विचार करतात त्या भाषेत वाचू द्या. कुणी मराठीत वाचतं, कुणी इंग्रजीत. घरी बोलतो त्या भाषेत गोष्ट पुन्हा सांगायला लावा. कुठे अडलं ते लगेच कळतं.

तीन, "मला माहीत नाही" म्हणायला शिका. यात पाळकांचीही मदत घ्या, पण मुलासमोर उत्तर बनवू नका.

आता त्या मुलाचं. पाचव्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो. आधी सॉरी म्हणालो. मग आम्ही ८८ वं स्तोत्र वाचलं. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारातच संपतं. वाचून झाल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, हे बायबलमध्ये आहे? असं देवाला बोललेलं चालतं?"

म्हटलं, "चालतं. म्हणून तर जपून ठेवलंय."

आजी का गेली, याचं उत्तर मी त्याला अजून दिलेलं नाही, कारण माझ्याकडे ते नाही. पण आता तो वर्गात येतो, आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच असतात.

तुमच्या घरात, वर्गात असं कुणी असेल तर या रविवारी घड्याळ खिशात ठेवा. आधी ऐका. भेटू पुढच्या भागात!