बोलणें आणि कळणें

मुलांस वाचावयास, लिहावयास व हिशेब करावयास शिकवावें लागतें, हें सर्वांस मान्य आहे. परंतु चारचौघांत बोलावयासही शिकवावें लागतें असें कोणी म्हटलें, तर आपल्या घरांतील वडील मंडळी बहुधा हसतील. ‘बोलणें काय, तें आपोआप येतें, आणि ज्यास येत नाहीं तो एक तर मुखदुर्बळ, नाहीं तर उद्धट!’ असा आपला सोपा निकाल ठरलेला असतो. मीही छत्तीस वर्षें शाळामास्तरकी करीत असतां हाच निकाल देत आलों. तो किती अन्यायाचा होता, हें मला निवृत्तीनंतर, आणि तेंही माझ्या आठ वर्षांच्या नातवाकडून कळलें. वाचकांनीं पुढील हकीकत एका म्हाताऱ्याची कबुली म्हणून वाचली तरी चालेल. पण ज्यांच्या घरीं लहान मुलें आहेत त्यांनीं ती शेवटपर्यंत वाचावी, एवढी विनंती आहे.

एके दिवशीं दुपारीं मी आंतल्या खोलींत वाचीत पडलों होतों. बाहेर फोन वाजला. नातवानें तो घेतला. पलीकडून माझ्या एका जुन्या स्नेह्यानें विचारलें, “बाळ, आजोबा आहेत का?” मुलानें उत्तर दिलें, “आहेत,” आणि फोन खालीं ठेवला. पुन्हां फोन आला, पुन्हां तोच प्रश्न, पुन्हां तेंच उत्तर. असें तीनदां झालें. संध्याकाळीं ते गृहस्थ रागानेंच घरीं आले व ‘नातवास चांगलें वळण लावलें आहे तुम्ही’ म्हणून मला चार शब्द सुनावून गेले. माझ्या मुलानें पोराला रागें भरलें, तेव्हां तो रडत रडत म्हणाला, “आबा, मी खोटें कोठें बोललों? तुम्ही होतांच ना?”

त्याचें म्हणणें खरें होतें. त्याला जें विचारलें त्याचें त्यानें अचूक उत्तर दिलें होतें. फक्त जें विचारलें नव्हतें, पण विचारणाराच्या मनांत होतें, तें त्याला ऐकूं आलें नव्हतें.

त्या रात्रीं मला झोंप येईना, कारण ही गोष्ट मी जन्मभर शिकविली होती! मम्मटाच्या काव्यप्रकाशांत ‘सूर्य मावळला’ अशा अर्थाच्या एका साध्या वाक्याची चर्चा आहे. तेंच वाक्य कर्मठ मनुष्यानें ऐकलें तर त्याचा अर्थ संध्यावंदनाची वेळ झाली. गुराख्यानें ऐकलें तर गाई घरीं वळवाव्या. व्यापाऱ्यानें ऐकलें तर पसरलेला माल आवरावा. शब्द एकच, पण सांगणारा, ऐकणारा आणि प्रसंग हे बदलले कीं अर्थ बदलतो. तसेंच तर्कसंग्रहांत अन्नंभट्टानें वाक्याचा अर्थ कळण्यास आकांक्षा, योग्यता आणि संनिधि अशीं कारणें सांगितलीं आहेत, आणि अन्य नैयायिक त्यांत तात्पर्यज्ञानाची भर घालतात. त्यांचें जुनें उदाहरण सैंधव शब्दाचें आहे. सैंधव म्हणजे मीठ, आणि सैंधव म्हणजे घोडाही. जेवतांना कोणी ‘सैंधव आण’ म्हणाला तर पानाजवळ घोडा आणून उभा करावयाचा नसतो! हें उदाहरण सांगितलें कीं वर्ग हमखास हसत असे, आणि मीही हंसत असें. परंतु एखाद्या मुलास खरोखरच ही निवड करतां येत नसेल, त्याला हसण्याऐवजीं मदतीची गरज असेल, हें माझ्या मनांत कधींही आलें नाहीं.

पुढें सुनेनें आग्रह धरला म्हणून मुलाला शहरांतील एका वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे नेलें. त्यांनीं तीन-चार भेटींनंतर शांतपणें समजावून सांगितलें कीं, मुलाची बुद्धि उत्तम आहे, शब्दसंग्रह वयाच्या मानानें मोठा आहे, उच्चारही स्वच्छ आहेत. अडचण आहे ती भाषेचा व्यवहारांत उपयोग करण्याची : कोणाशीं किती बोलावें, केव्हां थांबावें, थट्टा कोणती व खरें कोणतें, समोरच्याला काय ठाऊक आहे व काय नाहीं, हें ओळखण्याची. कित्येक मुलांत ही अडचण स्वमग्नतेचा एक भाग म्हणून असते. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं ज्या अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें, त्यांतही शब्दाचा अक्षरशः अर्थ घेण्याची प्रवृत्ति नोंदलेली आहे. कांहीं मुलांत स्वमग्नतेचीं इतर लक्षणें नसतां केवळ हीच अडचण दिसते, आणि अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१३ सालच्या आपल्या वर्गीकरणांत तिला स्वतंत्र स्थान दिलें आहे. बाईंचें म्हणणें मी ऐकत होतों, पण माझ्या डोळ्यांपुढें नातू नव्हता. चाळीस वर्षांपूर्वींचा एक विद्यार्थी उभा होता.

मी तेव्हां नवा, तापट व शिस्तीचा भोक्ता मास्तर होतों. सहावीच्या वर्गांत एक मुलगा फार प्रश्न विचारी. नको तेव्हां विचारी, आणि माझें वाक्य संपण्याच्या आंत विचारी. एके दिवशीं मी संतापून म्हणालों, “चालता हो वर्गांतून, आणि पुन्हां मला तोंड दाखवूं नकोस!” तो निमूटपणें दप्तर घेऊन गेला. दुसऱ्या दिवशीं आला नाहीं, तिसऱ्या दिवशींही नाहीं. आठ दिवसांनीं त्याची आई शाळेंत आली, तेव्हां उलगडा झाला. मुलगा रोज वेळेवर डबा घेऊन घरांतून निघे, नदीकाठच्या देवळांत दिवसभर बसे, आणि शाळा सुटण्याच्या वेळीं घरीं परते. मी त्याला बोलावून जाब विचारला. तो सरळ माझ्याकडे पाठ करून उभा राहिला व म्हणाला, “तुम्हींच तोंड दाखवूं नकोस म्हणालांत, सर.” सगळा वर्ग हसला. मला तो उर्मटपणाचा कळस वाटला, आणि मीं त्याला छडीनें मारलें. आईसमोर मारलें. तो रडला नाहीं. केवळ गोंधळलेल्या चेहऱ्यानें माझ्या हाताकडे पाहत राहिला. तो गोंधळ मला त्या दिवशीं वाचतां आला नाहीं. म्हणजे त्या वर्गांत दुसऱ्याच्या मनांतलें न ओळखणारे आम्ही दोघे होतों; फरक इतकाच कीं, छडी माझ्या हातांत होती.

असो. आतां ही विद्या घरीं कशी शिकवावी, याविषयीं आम्हीं गेल्या दोन वर्षांत जें करून पाहिलें तें सांगतों.

पहिली गोष्ट ही कीं, मुलाला ‘नीट बोल’ असें सांगणें व्यर्थ आहे. ‘नीट’ म्हणजे काय तेंच त्याला कळत नसतें. त्याऐवजीं कृति सांगावी. फोन आल्यावर कोण बोलतें तें विचारावयाचें, ‘जरा थांबा, बोलावतों’ म्हणावयाचें, फोन तसाच ठेवून माणसाला हांक मारावयाची. आणि माणूस घरांत नसेल तर निरोप घ्यावयाचा. आम्हीं हा प्रसंग खेळ म्हणून खेळलों. कधीं मी पाहुणा, तो यजमान, कधीं उलट. पाहुणा झाल्यावर त्यानें मलाच विचारलें, “आबा, तुम्ही मला बसा म्हणालांच नाहीं!” तेव्हां विद्या मुरूं लागली असें मी समजलों.

दुसरी गोष्ट निरोपांची. आपल्या लहानपणीं मुलांच्या हातून शेजारीं वाटी जात असे, निरोप जात असे, वाण्याकडून जिन्नस येत असे. त्यांत नकळत फार मोठें शिक्षण होतें. आतां जिन्नस दाराशीं येतात व निरोप मोबाईलवरून जातात. सोय झाली, पण मुलांची ती शाळा बंद पडली. आम्हीं ती मुद्दाम पुन्हां उघडली. ‘काकूंना सांग कीं उद्यां पूजा आहे’ एवढें सांगून पाठवावयाचें, आणि परत आल्यावर ‘काकू काय म्हणाल्या, त्यांचा चेहरा कसा होता, त्या कामांत होत्या का’ असें विचारावयाचें. पहिले कित्येक दिवस उत्तर येई, ‘चेहरा नेहमींचाच होता.’ एके दिवशीं तो म्हणाला, “त्या घाईंत होत्या, म्हणून मी लगेच आलों.” त्या दिवशीं सुनेनें शिरा केला.

तिसरी गोष्ट बोलतां बोलतां अर्थ उलगडून दाखविण्याची. घरांत कोणी ‘कान पिकले’, ‘हात वर केले’ असें म्हणालें कीं नातू विचारतो आणि आम्ही सांगतों. त्यांत हसण्यासारखें कांहीं नाहीं असा घरांत नियम आहे. टोमणा मात्र त्याच्याशीं बोलतांना वर्ज्य. ‘वा, फार लवकर उठलास!’ याऐवजीं ‘आज उशीर झाला, उद्यां सातला ऊठ’ असें म्हणावें. यानें मुलाचें काम सोपें होतेंच, आणि घरांतील कडवटपणाही बराच कमी होतो, हा अनपेक्षित लाभ.

चौथी गोष्ट वाट पाहण्याची. अमेरिकेंतील मेरी बड रो या विदुषीनें १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांचीं उत्तरें लांब व विचारपूर्वक येतात. मी मनाशीं मोजून पाहिलें. छत्तीस वर्षांत मी तीन सेकंद क्वचितच थांबलों असेन. पाहुण्यानें मुलाला नांव विचारलें कीं आपण मोठीं माणसेंच उत्तर देऊन टाकतों. तें न देणें ही मोठ्यांची पहिली परीक्षा.

पांचवी गोष्ट डोळ्यांची. ‘माझ्याकडे बघून बोल’ अशी जबरदस्ती करूं नये. पुष्कळ स्वमग्न मुलांना डोळ्याला डोळा देणें त्रासाचें होतें, आणि न पाहतांही तीं नीट ऐकत असतात. आपल्या जुन्या घरांत वडिलांच्या डोळ्याला डोळा न देणें हीच मर्यादा मानीत, हें आपण विसरूं नये.

एवढें मुलांविषयीं झालें. परंतु खरें सांगावयाचें तर ही विद्या मोठ्यांनींच आधीं शिकावयास हवी. आपल्या समाजांत व्याख्यानाचा मान फार. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ सालीं सुरू झाली. वक्तृत्वाच्या स्पर्धा शाळोशाळीं होतात. पण ऐकण्याचें बक्षीस कोठेंही ठेवलेलें मीं पाहिलें नाहीं. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञानें १९७५ सालच्या आपल्या निबंधांत संभाषणाचीं चार सूत्रें मांडलीं : जरूर तेवढेंच बोलावें, खरें बोलावें, प्रस्तुत बोलावें, स्पष्ट बोलावें. आपल्याकडे समर्थांनीं दासबोधाच्या दुसऱ्या दशकांत मूर्खलक्षणें सांगतांना, दोघांच्या बोलण्यांत जाऊन बसणाऱ्या तिसऱ्याचीही गणना केली आहे. या कसोट्या एकत्र कुटुंबांतील रात्रीच्या पंगतीस लावून पाहाव्या. आजोबा बोलतात, मुलगे मान हलवितात, सुना वाढतात. सुनेच्या मनांत काय आहे तें तिच्या भांडीं ठेवण्याच्या आवाजावरून ओळखावें लागतें. ज्या घरांत मोठीं माणसें सरळ बोलत नाहींत, तेथें आडून बोललेलें न कळणाऱ्या मुलानें काय करावें? आमच्या घरीं आतां जेवतांना प्रत्येकानें दिवसांतील एक गोष्ट सांगावयाची व इतरांनीं मध्यें बोलावयाचें नाहीं, असा रिवाज पडला आहे. त्यांत सर्वांत जास्त वेळां नियम मोडणारा मनुष्य मीच निघालों, हें नमूद करणें भाग आहे.

ज्यांना आपल्या मुलाविषयीं शंका असेल त्यांनीं ‘मोठा झाला कीं येईल’ म्हणून वर्षें घालवूं नयेत. मुंबईंतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून, व म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून, या विषयाचें काम करीत आहे. मोठ्या शहरांतून शिकलेले उपचारतज्ज्ञही मिळतात. त्यांच्याकडे जाण्यांत लाज कसली? डोळ्यांना चष्मा लावतांना आपण लाजत नाहीं.

शेवटीं त्या विद्यार्थ्याचें सांगावयाचें राहिलें. शोध केला तेव्हां तो जवळच्याच तालुक्याच्या गांवीं राहतो असें कळलें. वजनें व तराजू दुरुस्त करण्याचें त्याचें दुकान आहे, आणि त्याच्या कामाची अचूकता पंचक्रोशींत प्रसिद्ध आहे. गेल्या वैशाखांत मी तेथें गेलों. त्यानें मला ओळखलें, नमस्कार केला, स्टूल पुसून दिलें. मी चाळीस वर्षांचें मनांतलें सांगितलें आणि क्षमा मागितली. ‘जाऊं द्या हो सर, विसरलों मी,’ असें तो म्हणेल, अशी मला आशा होती; लोक तसें म्हणतात. तो थोडा वेळ तराजूच्या कांट्याकडे पाहत राहिला व म्हणाला, “मला आठवतें, सर. मारलेलें लागलें. पण त्याहून, परत केव्हां यावयाचें तें तुम्हीं सांगितलें नव्हतें. मी रोज देवळांत बसून तोच विचार करीत होतों.”

मी त्याला काय उत्तर देणार? परंतु त्या दिवसापासून घरीं नातवाला कधीं रागें भरलों, तर शेवटचें वाक्य न चुकतां बोलतों : “आतां माझा राग गेला. ये, इकडे बस.”