शर्यतीचा बैल आणि दुभती म्हैस

आजच्या भागात आपण अशा गाड्यांबद्दल बोलणार आहोत, ज्या आपल्यापैकी कुणाच्याही अंगणात उभ्या राहणार नाहीत. कोटी, दोन कोटी, दहा कोटींच्या गाड्या. मग त्यांच्याबद्दल बोलायचंच कशाला? तर अशातल्या काही गाड्या आपल्या चाकणला आणि पिंपरीला जोडल्या जातात. आपल्या गटांतल्या कित्येक घरांतलं कुणी ना कुणी या पट्ट्यातल्या कारखान्यांत कामाला जातं, कुणाची खानावळ तिथल्या पोरांवर चालते, कुणी भाड्याच्या खोल्या बांधल्यात. आणि दुसरं कारण गटाचंच आहे. हल्ली आमच्याकडे कर्जाच्या अर्जात शेळी, शिलाई मशीन, मुलीची फी यांच्या जोडीला ‘मुलाच्या गाडीचं डाउन पेमेंट’ हे कारण दिसायला लागलंय. गाडी कुठली, तर उंच, दणकट, मोठ्या चाकांची. एसयूव्ही. ही आवड आली कुठून, किमती अशा का असतात, ‘बुकिंग फुल्ल’ म्हणजे नेमकं काय, हे आम्हालाही समजून घ्यावं लागलं. तेच आज सांगतो.

सुरुवात ट्रॅक्टरपासून करू. इटलीत फेरुच्चो लॅम्बोर्गिनी नावाचा शेतकऱ्याचा मुलगा होता. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराचं जे यंत्रसामान उरलं होतं, त्यातून त्यानं ट्रॅक्टर बनवायला घेतले आणि १९४८ मध्ये ट्रॅक्टरची कंपनी काढली. पैसा आला, मग १९६३ मध्ये त्यानं वेगवान स्पोर्ट्स कार बनवणारी वेगळी कंपनी उभी केली. तिच्या बोनेटवर बैलाचं चिन्ह असतं. आपल्याकडच्या बैलगाडा शौकिनांना ते लगेच पटेल.

स्पोर्ट्स कार म्हणजे काय, हे आपल्या भागात समजावणं सोपं आहे. ती शर्यतीचा बैल. घाटात बारी मारायला एक नंबर, किंमत लाखांत, गावात नाव. पण त्याला नांगराला जुंपत नाहीत, त्याच्यावर शेणखत वाहत नाहीत. स्पोर्ट्स कार जमिनीला टेकलेली असते, बहुतेकींत दोनच माणसं बसतात, आणि आपल्या गतिरोधकावर तिचं पोट घासतं. असा बैल दारात असला की रुबाब होतो, पण घर चालायला दुभती म्हैस लागते. महागड्या स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या कंपन्यांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हेच केलंय. बैल दाखवायला ठेवला आणि गोठ्यात म्हैस आणली. ती म्हैस म्हणजे एसयूव्ही.

पहिला मोठा धडा जर्मनीच्या पोर्शे कंपनीनं घालून दिला. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही कंपनी आर्थिकदृष्ट्या फार अडचणीत होती. २००२ मध्ये तिनं कायेन नावाची एसयूव्ही आणली. जुने शौकीन हसले, नाकं मुरडली, ही कसली पोर्शे म्हणाले. आता आकडे ऐका. २०२३ मध्ये पोर्शेनं जगभरात सुमारे ३ लाख २० हजार गाड्या दिल्या. त्यांत कायेन आणि तिची धाकटी बहीण मकान या दोन एसयूव्ही मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास. जिच्यामुळे कंपनीचं नाव झालं ती ‘नाईन इलेव्हन’ स्पोर्ट्स कार सुमारे ५० हजार.

लॅम्बोर्गिनीनं १९८६ मध्येच एक अवाढव्य दणकट गाडी काढून पाहिली होती, पण ती तीनशेच्या आसपासच बनली. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी उरुस दाखवली, आणि जानेवारी २०१८ मध्ये ती भारतात आली, किंमत ३ कोटी रुपये. उरुस हा शब्द ऐकून आपल्याला जत्रेतला उरूस आठवतो, पण हे नाव गुराढोरांच्या जंगली पूर्वजाचं आहे. २०२३ मध्ये कंपनीच्या १० हजार ११२ गाड्या गेल्या, त्यांतल्या ६ हजार ८७ उरुस होत्या. शंभरातल्या साठ! इंग्लंडच्या अ‍ॅस्टन मार्टिननं हाच रस्ता धरला. सगळ्यात शेवटी फेरारीनं २०२२ मध्ये पुरोसांग्वे आणली, भारतात किंमत साडेदहा कोटींच्या घरात. फेरारी तिला एसयूव्ही म्हणायलाच तयार नाही. नाव काहीही ठेवा, चार दारं आहेत, चार माणसं बसतात आणि गाडी उंच आहे.

आता या गाड्या घेतं कोण? मोठे उद्योजक, बिल्डर, सिनेमातली माणसं, क्रिकेटपटू. २०२३ मध्ये सबंध भारतात मिळून लॅम्बोर्गिनी गाड्या गेल्या फक्त १०३. आपल्या एका मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये याहून जास्त गाड्या असतील. तरी त्यांचं नाव पोराटोरांच्या तोंडी असतं, आणि इथं खरी गंमत आहे. कंपनी ठरवून कमी गाड्या बनवते. बाजारात जेवढी मागणी, त्यापेक्षा एक गाडी कमी बनवायची, हे फेरारीचं जुनं धोरण म्हणून सांगतात. पुरोसांग्वे आणतानाही आपल्या एकूण गाड्यांच्या पाचव्या हिश्श्यावर ती जाऊ देणार नाही, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं.

साडीच्या दुकानात ‘ताई, हा शेवटचाच पीस’ असं म्हटलं की आपला हात पिशवीकडे जातो की नाही? तसंच. फरक एवढाच, की येवल्याची हातमागाची पैठणी मुळात कमी असते, कारण विणायला महिनेच्या महिने लागतात. गाडीचं तसं नाही. कारखाना तीच गाडी दुप्पट काढू शकतो, पण काढत नाही. ‘एक्सक्लुझिव्ह’ हा शब्द जाहिरातीत आला की हे लक्षात ठेवावं, असं आम्हाला वाटतं.

हे इटलीतच चालतं असं नाही, चाकणलाही झालं. महिंद्राच्या चाकण कारखान्यात बीई सिक्स ही विजेवरची एसयूव्ही बनते. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची ‘बॅटमॅन’ आवृत्ती जाहीर झाली. बॅटमॅन म्हणजे इंग्रजी सिनेमातला काळ्या झग्याचा नायक. आधी ३०० गाड्याच काढणार म्हणाले, मागणी पाहून ९९९ केल्या. बुकिंग उघडलं आणि १३५ सेकंदांत सगळ्या संपल्या. किंमत २७ लाख ७९ हजार. आता आतली गोष्ट बघा. बॅटरी, मोटर, सगळं नेहमीच्या वरच्या मॉडेलचंच. वेगळं काय, तर काळा रंग, चिन्हं, आतली सजावट आणि गाडीवरचा क्रमांक. त्यासाठी सुमारे ८९ हजार रुपये जास्त. घेणाऱ्यांनी हौसेनं घेतली, त्यांचे पैसे, आपण बोलणारे कोण? पण जास्तीचे पैसे कशाचे, हे कळलं पाहिजे.

‘बुकिंग’ या शब्दाचंही तसंच आहे. ३० जुलै २०२२ ला स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग सुरू झालं. तीही चाकणचीच गाडी. पहिल्या मिनिटात २५ हजार आणि अर्ध्या तासात एक लाख बुकिंग झालं. टीव्हीवर बातमी आली, १८ हजार कोटींच्या गाड्या विकल्या! विकल्या नव्हत्या. लोकांनी २१ हजार रुपये भरून रांगेत नंबर लावला होता, आणि ते पैसे परत मिळणारे होते. रेशनच्या रांगेत पिशवी ठेवून आल्यासारखं. तरी एक खरं, की दहा कोटींची गाडी पोस्टरवर असते आणि आपल्या भागातल्या हातांना काम या वीस लाखांच्या गाड्या देतात.

मग आलिशान गाड्यांचं चाकण-पिंपरीत काय चालतं? मर्सिडीज इथं १९९५ मध्ये आली, पिंपरीत टेल्कोच्या म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या आवारात. २००९ मध्ये चाकणला त्यांचा स्वतःचा कारखाना सुरू झाला. त्यांचा वेगवान गाड्यांचा एएमजी नावाचा विभाग आहे. त्याची भारतात जोडलेली पहिली गाडी २०२० मध्ये चाकणमधून बाहेर पडली, आणि तीही एसयूव्हीच. टाटांनी २००८ मध्ये इंग्लंडची जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतली आणि २०११ पासून तिच्या काही गाड्या पिंपरीत जोडायला लागले. जॅग्वार ही मूळची स्पोर्ट्स कारसाठी नावाजलेली कंपनी. तिची पहिली एसयूव्ही, एफ-पेस, २०१७ पासून पिंपरीत जोडली जाऊ लागली. २०२४ मध्ये तर थोरल्या रेंज रोव्हरची पाळी आली. ही गाडी १९७० पासून बनते, पण चोपन्न वर्षांत इंग्लंडमधल्या सॉलिहलबाहेर पहिल्यांदाच जोडली गेली, ती आपल्या इथं. आणि किमती १८ ते २२ टक्क्यांनी उतरल्या.

नुसत्या जोडणीनं एवढा फरक कसा पडतो? तर करामुळे. परदेशातून तयार महागडी गाडी आणली तर आयातीवरच ११० टक्के भरावे लागतात. समजा, गाडी एक कोटीची. बंदरातून बाहेर पडताना ती दोन कोटी दहा लाखांची झाली. त्यावर जीएसटी. सप्टेंबर २०२५ पर्यंत मोठ्या एसयूव्हीवर जीएसटी आणि उपकर मिळून ५० टक्के होता, २२ सप्टेंबरपासून तो सरळ ४० टक्के झाला. म्हणजे एक कोटीची गाडी दोन कोटी चौऱ्याण्णव लाखांवर गेली. वर आरटीओचा कर. महाराष्ट्रात त्याला वरची मर्यादा आहे. ती २० लाखांची होती, २०२५ मध्ये ३० लाख केली. किंमत त्यापुढे कितीही चढली तरी हा कर चढत नाही.

तीच गाडी सुटे भाग आणून इथं जोडली, तर मूळ आयातकर १५ टक्क्यांच्या आसपास पडतो. इंजिन, गिअरबॉक्स आधीच जोडून आणले तर त्याहून जास्त. शिवणकाम करणाऱ्या बायकांना हे लगेच कळेल. व्यापाऱ्यानं कापून दिलेले तुकडे आणायचे आणि आपण शिवून द्यायचे, तसं हे काम. कापड त्याचं, डिझाइन त्याचं, शिलाई आपली. शिलाईला कमी लेखायचं कारण नाही. मर्सिडीजची इंजिनं जोडून तपासण्याचं काम इथं आकुर्डीची फोर्स मोटर्स करते, आणि एका मोठ्या कारखान्यामागे वायरिंग, सीट, पॅकिंग, वाहतूक असा मोठा गोतावळा उभा राहतो.

याच पिंपरीच्या टेल्कोनं १९७४ च्या सुमारास इंजिनिअर हवेत म्हणून जाहिरात दिली होती आणि ‘महिलांनी अर्ज करू नये’ असं त्यात छापलं होतं. सुधा मूर्ती, तेव्हाच्या सुधा कुलकर्णी, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं आणि नोकरी मिळवली. आज त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी या एसयूव्हींची एक लाइन बायकाच चालवतात, दीड हजार जणी. विषय जरा बाजूला गेला, पण हे सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

तर जोडणीचं काम आपल्याकडे येतं त्यामागे करातला हा फरक मोठा आहे, आणि फरक कायमचा नसतो. २४ जुलै २०२५ ला भारतानं ब्रिटनशी व्यापार करार केला. त्यात ठरावीक संख्येच्या ब्रिटिश गाड्यांवरचा आयातकर पायरीपायरीनं १० टक्क्यांपर्यंत उतरवायचं ठरलंय. तयार गाडी स्वस्तात येऊ लागली तर इथं जोडायचं काम किती राहील, हा प्रश्न आपल्या घरांचा आहे. बजेटच्या दिवशी टीव्हीवर ‘आयातशुल्क’ शब्द ऐकू आला की आवाज वाढवा.

कारखाने जातात, हे या पट्ट्यानं पाहिलंय. जनरल मोटर्सनं डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचं उत्पादन थांबवलं. पुढे ती जागा ह्युंदाईनं घेतली आणि तिथून पुन्हा गाड्या निघू लागल्या, पण मधली वर्षं ज्या घरांनी काढली त्यांना विचारा. आणि काम कमी झालं की आधी कुणाला घरी बसवतात? कायम कामगाराला नाही. ट्रेनीला आणि कंत्राटावरच्याला.

आता गटाच्या अर्जांकडे येऊ. वीस लाखांची एसयूव्ही, चार लाख हातचे, सोळा लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता बसतो महिना सुमारे २६ हजार १५०. सात वर्षांत परतफेड जवळपास २२ लाख, म्हणजे सहा लाख नुसतं व्याज. विमा, डिझेल, टायर वेगळे. जमिनीचे पैसे आले म्हणून रोख घेतली तरी गाडी दरवर्षी उतरत जाते, आणि एमआयडीसीत गेलेलं रान परत येत नाही. ज्याला भाड्यानं चालवायचीय, मालवाहतूक करायचीय, त्याचं गणित वेगळं. तो कमाईचा कागद दाखवतो आणि आम्ही अर्ज आनंदानं पुढे पाठवतो.

बाकीच्यांना आम्ही नाही म्हणत नाही. ‘वेटिंग आहे, आज नाही भरले तर नंबर जाईल’ असं मुलगा म्हणत असेल तर एक महिना थांबा, एवढंच सांगतो. या बैठकीचा अर्ज पुढच्या बैठकीत घेतो. आणि अर्जासोबत दोन कागद मागतो : बँकेनं दिलेला हप्त्याचा तक्ता आणि मुलाच्या नोकरीचं पत्र. तक्त्यावर ८४ महिने लिहिलेले असतात. पत्रावर किती महिने लिहिलेत, ते त्याच्या आईनं बैठकीत मोठ्यानं वाचायचं.