‘नॉर्मल आहे’ म्हणजे काय रे भाऊ?

जानेवारी २०२५. डेन्व्हरमधली सकाळ, पारा उणे १५. मी स्टिअरिंगवर, बायको शेजारी आणि लेक मागे कार-सीटमध्ये गाढ झोपलेली. कॉलनीच्या गेटवरचा गतिरोधक आला आणि पुढच्या डाव्या चाकाकडून आवाज आला... खट्!

“ऐकलंस?” मी.

“झालं तुझं पुन्हा सुरू!” बायको.

तिचंही बरोबर होतं म्हणा. महिनाभर मी सोडून कुणालाच तो आवाज ऐकू येत नव्हता. आधी एक खुलासा. आपल्याकडे ट्रक म्हटलं की मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेलं धूड डोळ्यांपुढे येतं. इथे अमेरिकेत पिकअपलाच ट्रक म्हणतात आणि लोक तो घेऊन चक्क ऑफिसला जातात. मी २०२३मध्ये इलेक्ट्रिक घेतला. कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

पहिले दोन महिने नुसती शांतता एन्जॉय केली. मग त्या शांततेनेच डोकं खायला सुरुवात केली. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत इंजिन म्हणजे लग्नातला बँड. तो वाजत असताना मांडवात कोण काय कुजबुजतंय ते कुणाला कळतंय? इलेक्ट्रिकमध्ये बँडच नाही. त्यामुळे प्रत्येक रबर, प्रत्येक बोल्ट, प्रत्येक खडा तुमच्या कानात येऊन बोलतो. त्यात वजन! फोर्डचा लायटनिंग काय, रिव्हियनचा आरवनटी काय, तीन टनांच्या आगेमागे. हमर ईव्ही तर चार टनांच्याही वर. एवढं ओझं खड्ड्यातून जाणार म्हणजे सस्पेन्शन थोडं कण्हणारच.

मी फोनमध्ये आवाजांची यादीच करायला घेतली. सात निघाले! आता हसू येतं, पण त्यातले बहुतेक अगदी निरुपद्रवी होते. ट्रक पार्क करून लॉक केला की मिनिटभराने ‘फुस्स’ व्हायचं, कधी खालून पंपासारखी घरघर. ते एअर सस्पेन्शन, स्वतःची उंची सारखी करून घेतं. सकाळच्या पहिल्या ब्रेकला खरखर? मोटरच गाडीचा वेग कमी करते, त्यामुळे ब्रेक फारसे वापरलेच जात नाहीत, डिस्कवर गंज धरतो आणि पहिल्या एक-दोन ब्रेकला तो घासून निघतो. गिअर ‘डी’वरून ‘आर’वर टाकताना एकच बारीक ‘टक’ येते, कारण जोर उलट्या दिशेने लागताना एक्सलच्या जोडातली किंचित मोकळी जागा भरते. आणि कडाक्याच्या थंडीत गतिरोधकावर होणारी करकर म्हणजे कडक झालेले रबरी बुश. दहा-पंधरा मिनिटं चालवलं की गप्प.

उरला तो ‘खट्’. सर्व्हिस सेंटरला दोन चकरा मारल्या. दोन्ही वेळा टेक्निशियनने दोन मैल फिरवून आणला आणि गोड हसून सांगितलं, या मॉडेलचं हे वैशिष्ट्यच आहे. म्हणजे मराठीत, ‘नॉर्मल आहे!’ वॉरंटी संपायला उरले होते चार महिने. आणि महिनाअखेरीला आम्ही लव्हलँड पासवरून पलीकडे जाणार होतो. ११,९९० फुटांवरचा घाट, बर्फ, एका बाजूला दरी. मागच्या सीटवर तीन वर्षांची लेक. मला ‘वैशिष्ट्य’ हा शब्द पुरेना.

शेवटी दादाला फोन लावला. दादा म्हणजे माझा आत्येभाऊ, कराडला गॅरेज चालवतो. जीप, टेम्पो आणि उसाच्या सीझनला ट्रॅक्टर-ट्रॉल्या. इलेक्ट्रिक पिकअप त्याने आयुष्यात पाहिलेला नाही. आमचे सकाळचे आठ, त्याचे रात्रीचे साडेआठ. जेवता जेवता म्हणाला, “आवाज ऐकव.” पण व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर आवाज जाईचना! ते अ‍ॅप त्याला गोंगाट समजून गाळून टाकतं. मग रेकॉर्ड करून पाठवला.

“अरं, ह्यातनं काय कळायचं?” दादा म्हणाला. “मला सांग, दोन्ही अंगानं येतो का एकाच?”

“डावीकडूनच वाटतो.”

“वाटतो नको. बघ. गाडी डावीउजवीकडं सारखीच बनवलीया न्हवं? मग आवाज बनावटीचाच असला, तर उजवीकडनं का येत न्हाई?”

साधा प्रश्न, पण मला आणि सर्व्हिसवाल्यांना महिनाभरात सुचला नव्हता. अर्थात दोन्ही बाजू एकदमच झिजल्या असतील तर हा फंडा फसतो, हेही दादानेच सांगितलं. तरी सुरुवात करायला सॉलिड.

मग त्याने गृहपाठच दिला. गतिरोधकावरून आधी फक्त डावी चाकं न्यायची, मग फक्त उजवी. बेसमेंट पार्किंगच्या भिंतीला समांतर, काचा खाली करून, अगदी हळू चालवायचं. भिंतीवरून आवाज परत येतो, मग बाजू चुकत नाही. ब्रेक दाबून एकदा, न दाबता एकदा. थंड असताना आणि तासभर चालवल्यावर. रात्री पार्क केल्यावर चारही चाकांवरची उंची मोजायची आणि सकाळी पुन्हा, कारण एक कोपरा बसला असेल तर हवा गळतेय. शॉकअपवर तेल ओघळलंय का, टायर एका कडेनेच झिजलाय का, स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी ओढते का? “ह्यातलं एक जरी असलं, तर घाटात जायाचं न्हाई. टोइंग बोलवायचं,” असा दमही दिला. जॅक लावून चाक हलवून बघू का विचारलं, तर ओरडलाच. तीन टनांची गाडी, तीही हवेवर उभी. जॅक मोड चालू न करता हात घालायचा नाही!

शनिवारी बायको पार्किंगमध्ये वही घेऊन उभी राहिली. (होय, तीच!) निकाल स्वच्छ होता. उजवी चाकं : काही नाही. डावी : खट्. थंड असताना खट्, गरम झाल्यावरही खट्. हळू जाताना ब्रेक मारला तरी खट्. आणि मागच्या महिन्यातल्या रेकॉर्डिंगपेक्षा मोठा! बाकीचं सगळं ठीक होतं, पण वाढत जाणारा, एकाच बाजूचा आणि ब्रेकला साथ देणारा आवाज ‘वैशिष्ट्य’ कसा असेल? तोवर मी अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याची, एनएचटीएसएची, वेबसाइटही चाळली. कंपन्या डीलरना पाठवतात ती तांत्रिक पत्रकं तिथे कुणालाही वाचता येतात. ‘नॉर्मल’ समजून सोडून द्यायचे आवाज कोणते, हेही काही पत्रकांत लिहिलेलं असतं. माझा ‘खट्’ त्यात नव्हता.

तिसऱ्यांदा सर्व्हिस सेंटरला गेलो तो कागद घेऊन. आरडाओरडा केला नाही. दोनच गोष्टी मागितल्या : माझ्या तक्रारीचे शब्द जॉब कार्डवर जसेच्या तसे लिहा, आणि याच मॉडेलचा दुसरा ट्रक त्याच गतिरोधकावरून माझ्यासमोर न्या. दुसऱ्या ट्रकचा आवाज? शून्य. टेक्निशियनचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग त्यांनी खाली ठिकठिकाणी चिमट्याचे माइक लावले आणि हेडफोन घालून फेरी मारली. वीस मिनिटांत कळलं. डाव्या लोअर आर्मचा बोल्ट ढिला. पाना लावला तर नट सहज फिरला. मॅनेजर स्वतः बाहेर आला. बुशही घासला होता, म्हणून अख्खा आर्मच बदलून दिला, अलाइनमेंटसकट. बिल शून्य.

संध्याकाळी दादाला सांगितलं. तो क्षणभर गप्प बसला, मग म्हणाला, “लेकीला घिऊन निघाला हुतास न्हवं त्यात?” मी विषय बदलला.

लव्हलँड पास आम्ही फेब्रुवारीत केला. बर्फ भरपूर, गाडी झकास. थंड सकाळी करकर अजूनही येते, दोन्ही बाजूंनी, अगदी सारखी. परवा बायकोच म्हणाली, “ऐकलंस?”

“नॉर्मल आहे,” मी म्हणालो. तिने वही काढली.