सुई न टोचता किडनीच्या रक्ताचा हिशेब

कोकणात केळशीतल्या एखाद्या मधुमेही माणसाची किडनी कशी चालली आहे, हे आज कळते ते रक्ततपासणीतल्या क्रिएटिनिनच्या आकड्यावरून. रिपोर्ट नॉर्मल आला की घरातले निर्धास्त होतात. पण किडनीचे जवळजवळ निम्मे काम घटेपर्यंत हा आकडा नॉर्मल दिसू शकतो. आजार आत मुरत असतो आणि कागदावर काहीच उमटत नाही. म्हणूनच किडनीत रक्त किती आणि कुठे पोचते, हे थेट पाहण्याची धडपड महत्त्वाची आहे.

दोन्ही किडन्यांचे वजन मिळून सुमारे ३०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम अर्धा टक्का. पण हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या सुमारे पाच लिटर रक्तापैकी एक लिटरहून अधिक रक्त त्यांच्या वाट्याला येते. त्यातले बहुतेक किडनीच्या बाहेरच्या थरात, कॉर्टेक्समध्ये खेळते. आतल्या गाभ्याला थोडेच मिळते, त्यामुळे प्राणवायूची टंचाई तिथे आधी जाणवते.

हा प्रवाह मोजण्याच्या दोन तऱ्हा आहेत, आणि त्यांतला फरक वाडीला शिंपणे करणाऱ्याला चटकन कळेल. विहिरीजवळ पाटाच्या तोंडाशी पाणी मोजले, तर वाडीत एकूण किती शिरले ते समजते. पण कडेच्या माडाच्या आळ्यात ते पोचले की नाही, हे आळ्यापाशी जाऊनच पाहावे लागते. एमआरआय या दोन्ही गोष्टी करू शकतो. ‘फेज कॉन्ट्रास्ट’ पद्धतीने किडनीच्या रोहिणीतला एकूण प्रवाह मोजता येतो आणि ‘आर्टेरियल स्पिन लेबलिंग’ म्हणजेच एएसएल पद्धतीने किडनीच्या कणाकणात पोचलेले रक्त.

पूर्वी याच मोजमापासाठी शिरेतून पीएएच नावाचे द्रव्य सतत सोडून ठरावीक वेळाने लघवी व रक्त तपासत. हे काम किचकट, आणि त्यातून एकूण आकडाच मिळे. पुढे गॅडोलिनियमची डाय देऊन एमआरआय काढता येऊ लागला. पण २००६ मध्ये या डायचा संबंध किडनी निकामी झालेल्या रुग्णांच्या त्वचा आखडणाऱ्या एका गंभीर आजाराशी जोडला गेला. नंतरच्या डाय बऱ्याच सुरक्षित आहेत, तरी दुखण्याने खचलेल्या किडनीला बाहेरचे काही द्यावे न लागले तर उत्तमच.

एएसएलमध्ये रुग्णाचे स्वतःचे रक्तच डायचे काम करते. रुग्ण टेबलावर उताणा झोपतो, पोटावर कॉइल ठेवतात, कानांवर हेडफोन चढवतात. यंत्राची ठकठक सुरू होते. किडनीकडे निघालेल्या रक्तातल्या पाण्यात हायड्रोजनची अणुकेंद्रे असतात. रेडिओ लहरींचा झोत टाकून त्यांची चुंबकीय दिशा उलटी करतात. हे खूण केलेले रक्त सेकंद-दीड सेकंदात किडनीत पोचते आणि तेवढ्यात प्रतिमा टिपली जाते. मग खुणेविना दुसरी प्रतिमा घेतात. दोन्हींची वजाबाकी केली की उरते ते नुकत्याच आलेल्या रक्ताचे चित्र.

हा फरक अवघा काही टक्क्यांचा असतो, शिवाय खूणही दीड-दोन सेकंदांत विरू लागते. म्हणून प्रतिमांच्या अनेक जोड्या घेऊन त्यांची सरासरी काढतात. त्यात श्वासाबरोबर किडनी वर-खाली सरकते. त्यामुळे तंत्रज्ञ ‘श्वास घ्या, रोखा, सोडा’ असे सांगत राहतो किंवा संगणक प्रत्येक प्रतिमेतली किडनी जागेवर आणून जुळवतो.

डोनाल्ड विल्यम्स, जॉन डेट्रे, अॅलन कोरेत्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये या युक्तीने उंदरांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला, तर १९९५ मध्ये माणसाच्या किडनीतील मोजमाप प्रसिद्ध झाले. जुनाट किडनीविकारात कॉर्टेक्सचा रक्तपुरवठा घटलेला दिसतो, हे त्यानंतरच्या अभ्यासांत आढळले. प्रत्यारोपणानंतर नवी किडनी रुळते आहे का, हे वारंवार पाहायलाही ही पद्धत सोयीची आहे, कारण ती कितीही वेळा केली तरी क्ष-किरण नाहीत आणि सुईही नाही. बायॉप्सीची जागा मात्र ती घेत नाही. तिचा वापर अजून प्रामुख्याने संशोधनापुरताच आहे. निरनिराळ्या यंत्रांवरचे आकडे एकमेकांशी जुळावेत म्हणून युरोपातल्या तज्ज्ञांच्या पुढाकाराने २०२० मध्ये समान कार्यपद्धतीच्या शिफारशी प्रसिद्ध झाल्या.

आपल्याकडची अडचण आणखी आधी सुरू होते. किनाऱ्यावरच्या गावातून एमआरआयला जायचे म्हणजे दिवस मोडतो आणि खर्चही होतो. पवईतील ‘समीर’ ही केंद्र सरकारची संस्था १.५ टेस्लाचा स्वदेशी एमआरआय विकसित करते आहे आणि मार्च २०२५ मध्ये चाचणीसाठी दिल्लीच्या ‘एम्स’शी तिचा करारही झाला. अशी यंत्रे स्वस्त होऊन जिल्हा रुग्णालयांत आली, तर किडनीच्या एएसएलची सोय त्यांत पहिल्यापासून असली पाहिजे. त्यासाठी वेगळी डाय लागत नाही. लागतो तो योग्य प्रोग्राम, शिकलेला तंत्रज्ञ आणि भारतीय रुग्णांवर पडताळलेले आकडे. ही तयारी आत्ताच सुरू करायला हवी. डायलिसिसची पाळी येण्याआधी, किडनी वाचवायला अजून वेळ हाताशी असताना, धोक्याची सूचना मिळण्याचा हक्क कोकणातल्या रुग्णालाही मुंबईकराइतकाच आहे.