ड्यूररचा ‘स्वार’ : एका उत्कीर्णनाचे अर्थनिर्णयन

‘सरदार, मृत्यू आणि सैतान’ या नावाने प्रसिद्ध असलेले ताम्रपटावरील उत्कीर्णन न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) याने १५१३ मध्ये सिद्ध केले. हे नाव मात्र त्याने दिलेले नाही. नेदरलँड्सच्या प्रवासातील रोजनिशीत तो त्यास केवळ ‘स्वार’ म्हणतो. प्रचलित नाव हेच मुळी एक भाष्य होय. म्हणून अर्थनिर्णयनाचा प्रारंभ चित्रातील प्रत्यक्ष वस्तूंपासून व्हावयास हवा.

चिलखतधारी स्वार खिंडीतून चालला आहे. मुकुटाभोवती सर्प गुंडाळलेला मृत्यू त्यास वाळूचे घड्याळ दाखवीत आहे. मागे डुकरासारख्या तोंडाचा सैतान आहे. सोबत कुत्रा धावत आहे. स्वाराची दृष्टी मात्र समोर स्थिर आहे. १४९८ च्या एका रेखाटनात हाच स्वार जवळजवळ याच स्थितीत आढळतो. त्या काळी जर्मनीत असे चिलखत असे, अशी नोंद त्यावर आहे. म्हणजे ही आकृती मूलतः शस्त्रास्त्रांचा अभ्यास होती. मृत्यू व सैतान यांची जोड तीस पुढे मिळाली.

हेर्मान ग्रिम याने १८७५ मध्ये या चित्राचा संबंध इरॅस्मसच्या ख्रिस्ती सैनिकाविषयीच्या ग्रंथाशी जोडला. एर्विन पानोफ्स्की यानेही १९४३ मध्ये या मताचा पुरस्कार केला. ल्यूथर मारला गेल्याच्या वार्तेनंतर, १५२१ मध्ये, ड्यूररने रोजनिशीत इरॅस्मसला ‘ख्रिस्ताचा सरदार’ असे संबोधिले, हा त्याचा प्रमुख आधार. परंतु ही नोंद उत्कीर्णनानंतर आठ वर्षांनी झालेली आहे. ही कल्पना ड्यूररला परकी नव्हती, एवढेच तीवरून सिद्ध होते. चित्राचा हेतू नव्हे.

उलट, स्टेन कार्लिंग याने १९७० मध्ये भाल्यास बांधलेल्या कोल्ह्याच्या शेपटीकडे लक्ष वेधून हा स्वार व्यापाऱ्यांना लुटणारा सरदार असावा, असे प्रतिपादिले. या मताप्रमाणे मृत्यू व सैतान त्याचे शत्रू नसून सोबती ठरतात. तथापि मृत्यू घड्याळ उंचावून स्वारास इशारा देत आहे, याची संगती या मताने समाधानकारकपणे लागत नाही.

तपशील सोडून केवळ भाव घेतला की काय घडते, याचे उदाहरण हान्स गुंथर याचा १९२० मधील ग्रंथ होय. चित्राचेच नाव घेऊन त्याने स्वारास वंशवादी वीरकल्पनेचे प्रतीक बनविले. घड्याळ, कवटी आणि कोल्ह्याची शेपटी यांचा हिशेब न देणारे कोणतेही भाष्य, ते कितीही उदात्त असो, चित्राचे नव्हे तर भाष्यकाराचे दर्शन घडविते.