आदिलशाही मुलखांतील ख्रिस्ती मिशन

कोंकणांतील ख्रिस्ती धर्मप्रसार म्हटला कीं पोर्तुगीज आरमार, इन्क्विझिशन व पाडलेलीं देवळें हींच डोळ्यांसमोर उभीं राहतात. साष्टी-बारदेशची हकीकत बहुतांशीं तशी आहेच. ती झांकण्याचें कारण नाहीं. परंतु त्याच सतराव्या शतकांत बांदें व वेंगुर्लें येथें, म्हणजे हल्लींच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, पोर्तुगीजांचा अंमल नसतां जें मिशन उभें राहिलें त्याची जात निराळी होती. त्याचा प्रमुख गोव्यांतील ब्राह्मणकुलांत जन्मलेला एतद्देशीय ख्रिस्ती होता, आणि त्यास कडवा विरोध झाला तो गोवें सरकार व तेथील धर्माधिकारी यांजकडून.

हा विरोध समजण्यास ‘मिशन’ या शब्दाकडे वळलें पाहिजे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पाठवणी’. ख्रिस्तानें शिष्यांस पाठविलें, शिष्यांच्या गादीवरील बिशप इतरांस पाठवितात. ही परंपरा तुटली तर उपदेश हें उपदेशकाचें खाजगी बोलणें ठरतें. तेव्हां काय सांगितलें याइतकाच कोणीं पाठविलें हा प्रश्न चर्चच्या ठायीं महत्त्वाचा. सनदेवांचून वतन नाहीं, तसेंच हें. पूर्वेकडे चर्चें बांधावीं, पाद्र्यांचा खर्च सोसावा व बिशपांचीं नांवें सुचवावीं हा हक्क पोपांनीं पोर्तुगालच्या राजास दिला होता. त्यास ‘पाद्रुआदो’ म्हणतात. त्यायोगें राजाचें हित तेंच धर्माचें हित अशी समजूत बळावली. मिशनाचीं सूत्रें पुन्हां आपल्या हातीं घेण्यासाठीं रोम येथें इ. स. १६२२ त ‘प्रोपागांदा फिदे’ हें मंडळ स्थापन झालें. त्याचा पहिला चिटणीस फ्रान्चेस्को इंगोली हा एतद्देशीय पाद्री तयार करण्याचा पुरस्कर्ता होता.

इंगोलीस हवा तसा मनुष्य आपण होऊन रोमला चालत आला. मातेउस दे कास्त्रो याचा जन्म सुमारें १५९४ त दिवाडी बेटावर झाला. गोव्याच्या आर्चबिशपनें दीक्षा नाकारल्यावर तो इराणमार्गें खुष्कीनें निघाला व १६२५ त रोमला पोंचला. तेथें त्यास दीक्षा मिळाली आणि १६३७ त तो बिशप झाला. पद क्रिसोपोलिस या प्राचीन पीठाचें, कार्यक्षेत्र मात्र विजापूरकरांचें राज्य. रोमन कागदांत या प्रांतास ‘इदलकान’ म्हटलें आहे. तो ‘आदिलखान’ याचा अपभ्रंश होय. वाचकांनीं तें एखाद्या गांवाचें नांव समजूं नये!

गोव्यांत त्याचीं अधिकारपत्रें मानलीं गेलीं नाहींत. तेव्हां त्यानें तेव्हांच्या आदिलशाहींतील डिचोलीस ठाणें केलें, बांदें व वेंगुर्लें येथेंहि चर्चें बांधलीं आणि एतद्देशीयांस दीक्षा दिल्या. जागांची निवड सूचक आहे. बांदें हें तेरेखोल नदीवरील आदिलशाही ठाणें. वेंगुर्ल्यास १६३७ पासून डचांची वखार, आणि डच तर गोव्याची नाकेबंदी करीत होते. कॅथलिक बिशपास आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या राज्यांत व प्रॉटेस्टंट व्यापाऱ्यांच्या शेजारीं.

पण राजकारणापासून तोहि अलिप्त राहिला नाहीं. १६५३ त त्यानें ‘ब्राह्मणांचा आरसा’ या अर्थाच्या पोर्तुगीज नांवाचें पत्रक लिहून गोव्यांतील ब्राह्मण ख्रिस्त्यांस पोर्तुगीजांविरुद्ध उठण्यास चिथावलें. पुढील सालीं आदिलशाही फौज गोव्याच्या मुलखांत शिरली. पोर्तुगीजांनीं त्याचा बोल त्याजवर ठेविला. त्यास केवळ फितूर म्हणणें मला अन्यायाचें वाटतें. मात्र मिशन एका राजाच्या हातून सोडवितांना त्यानें दुसऱ्या राजाची तरवार जवळ केली, हा दोष राहतोच. शेवटीं तो रोमला गेला व तेथेंच १६७७ त वारला.

त्याच्या मागून कुस्तोदियो द पिन्यो हा गोंयकारच या कामावर नेमला गेला. पुढें या अधिकारपीठाचें ठाणें १७२० त मुंबईस गेलें. मुंबईच्या आर्चबिशपपीठाचें मूळ तें हेंच. सिंधुदुर्गास स्वतंत्र धर्मप्रांत लाभला तो २००५ सालीं.

या प्रकरणाची रोमन व पोर्तुगीज बाजू बोलकी आहे. परंतु सुलतानाच्या मुलखांत चर्च उभें राहावयाचें तर परवानगी, जागा व महसूल यांचे व्यवहार ओघानेंच आले, आणि असे व्यवहार फारशी व मोडी कागदांतून होत. यास्तव बांदें, वेंगुर्लें, सावंतवाडी या टापूंतील ज्यांच्या दप्तरीं आदिलशाही अमदानीचे महजर, कौल वा जमिनीचे कागद असतील, त्यांनीं ते चाळतांना ‘पाद्री’, ‘फिरंगी’, ‘इगर्जी’ या शब्दांवर नजर ठेवावी, व आढळल्यास नक्कल मंडळाकडे धाडावी.