विद्यावेतन: प्रवेश वेगळा, तिजोरी वेगळी

पीएच.डी.ला किंवा एम.टेक.ला प्रवेश मिळाला की विद्यावेतन आपोआप सुरू होते, हा हैदराबादेत शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांचा, विशेषतः नांदेड-लातूरकडून पहिल्यांदाच या शहरात येणाऱ्यांचा, सर्वांत महागात पडणारा गैरसमज होय. वस्तुस्थिती अशी की प्रवेश देणारी संस्था आणि पैसे देणारी तिजोरी पुष्कळदा वेगळ्या असतात. १९७४ साली स्थापन झालेले हैदराबाद विद्यापीठ केंद्रीय असल्यामुळे तेथे अन्य अधिछात्रवृत्ती नसलेल्या पीएच.डी. संशोधकासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची दरमहा ८,००० रुपयांची ‘नॉन-नेट’ अधिछात्रवृत्ती आहे. १९१८ पासूनचे उस्मानिया विद्यापीठ मात्र राज्य विद्यापीठ असल्याने या योजनेत बसत नाही, आणि तेथील संशोधकाला अधिछात्रवृत्ती बहुधा स्वतःच मिळवून आणावी लागते.

नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे जेआरएफ मिळणे, ही समजूतही चुकीची आहे. जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती. ती गुणवत्ता यादीतील वरच्या उमेदवारांनाच मिळते, बाकीचे सहायक प्राध्यापकपदासाठी किंवा २०२४ पासून केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरतात. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे, वरिष्ठ अधिछात्र झाल्यावर, ४२,००० रुपये आहे. येथे आणखी एक घोटाळा होतो, कारण प्राध्यापकाच्या संशोधन प्रकल्पावर नेमलेल्या माणसालाही ‘जेआरएफ’च म्हणतात, परंतु ही नेमणूक प्रकल्पाच्या निधीतून होते, प्रकल्प संपला की तीही संपते, आणि पीएच.डी.ची नोंदणी तिच्याबरोबर आपोआप मिळत नाही. नाव एकच असल्यामुळे विद्यार्थी फसतो, म्हणून नेमणूकपत्रातील मुदतीची ओळ फार काळजीपूर्वक वाचली पाहिजे.

असिस्टंटशिप ही फुकटची मदत आहे असे काहींना वाटते, तर ती पूर्ण वेळेची नोकरी आहे असे इतरांना. खरे पाहता ती कामाशी जोडलेले विद्यावेतन आहे. गेट या परीक्षेच्या गुणांवर एम.टेक.ला आलेल्या विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये मिळतात आणि त्याबदल्यात आठवड्याला साधारण आठ तास विभागाचे काम करावे लागते: पदवीच्या विद्यार्थ्यांचे ट्युटोरियल घेणे, प्रयोगशाळेत जोडणी तपासून मगच वीजप्रवाह सुरू करू देणे, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वेळेत तपासणे. संगारेड्डी जिल्ह्यातील कंदी येथे असलेल्या आयआयटी हैदराबादमध्ये अध्यापन साहाय्यकाचे एम.टेक. दोन वर्षांचे, तर संशोधन साहाय्यकाचे तीन वर्षांचे असते. हे जादा वर्ष नापासाचे नसून कामाचे असते, हे पालकांना आवर्जून सांगायला हवे. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी. संशोधकाकडेही आठवड्याला चार ते सहा तास असे काम सोपवता येते. त्याहून अधिक काम ‘परंपरा’ म्हणून लादले जात असेल, तर नियमावर बोट ठेवणे हा उद्धटपणा ठरत नाही.

पदवी हाती पडेपर्यंत पैसे येतच राहतील, हेही खरे नाही. जेआरएफ आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळून पाच वर्षांची असते, तर पीएच.डी.ला सहा वर्षांपर्यंत मुभा आहे. प्रबंधलेखनाचा शेवटचा काळ त्यामुळे अनेकदा विनावेतन जातो.

हैदराबादेतून एम.एस.साठी अमेरिकेला जाणाऱ्यांचा हिशेबही प्रवेश म्हणजे पैसे, या समजुतीवरच अडतो. तेथील असिस्टंटशिप प्रामुख्याने पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मिळतात, संशोधन साहाय्यकाचे वेतन बहुधा प्राध्यापकाच्या अनुदानातून येते, आणि एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठ परिसरात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. ‘तिथे गेल्यावर मिळेल’ या भरवशावर शेतजमीन गहाण ठेवून कर्ज काढू नये.

विद्यार्थ्याने फी भरण्यापूर्वी पैसे कोणत्या तिजोरीतून येणार, किती महिने येणार आणि त्यासाठी आठवड्याला किती तास द्यावे लागणार, हे संस्थेकडून लेखी घ्यावे.